न झालेल्या भेटींची वही

सुरेखा,

तुझं तिसरं प्रकरण मी गेल्या आठवड्यात वाचलं. सकाळचा चहा झाल्यावर बसले, ती दीड वाजता उठले. चौदा महिने ते माझ्या कपाटात होतं, वरून दुसऱ्या कप्प्यात, हिरव्या फायलीत. आणि तुला जाऊन आज बावीस दिवस झाले.

गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की लोकांना चांगलं चांगलं आठवतं. मला तुझ्याबद्दल जे आठवतंय, त्यातल्या निम्म्या गोष्टी मला मान खाली घालायला लावणाऱ्या आहेत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "राहू दे ना मॅडम, काय एवढं!" हेच नडलं बघ. तू सहा वर्षं "काय एवढं" म्हणत मला सोडत गेलीस आणि मी सुटत गेले. आज कुणी सोडणारं नाही, म्हणून लिहिते.

मी तुझी पीएचडीची गाइड. डोंबिवलीतल्या कॉलेजात समाजशास्त्राची प्राध्यापक, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, आणि तोंडाने फटकळ. तू शीळफाट्याजवळच्या शाळेत शिक्षिका, घर कोलशेत गावठाणात. पहिल्यांदा भेटायला आलीस तेव्हा चाळिशीला टेकली होतीस. मी तुला बससुद्धा न म्हणता विचारलं होतं, "या वयात कशाला हवीय पीएचडी? पगार वाढायला?" तू हसलीस आणि म्हणालीस, "नाही मॅडम. आमच्या आळीतल्या बायका काय काय बोलतात, ते कुणीतरी नीट लिहायला पाहिजे. बाकी कुणी लिहीत नाही, म्हणून मी." या उत्तरावर मी तुला घेतलं. अजूनही मला वाटतं, गाइड म्हणून मी केलेलं ते एक बरं काम.

तुझा विषय साधा होता. खाडीकाठच्या गावांतली शेतं गेली, तिथे टॉवर आले, आणि ज्या बायका त्या शेतात लावणी करायच्या, त्या आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये भांडी घासायला जातात. त्या बायकांचं म्हणणं काय? तू त्यांच्यातलीच. तुझ्या सासूबाई त्या शेतात राबलेल्या, तुझी चुलत जाऊ पंधराव्या मजल्यावर स्वयंपाकाला. मला वाटलं होतं, तू रडगाणं लिहिशील. तू पहिलं प्रकरण आणून दिलंस, त्यात एकही उसासा नव्हता. नुसतं नीट पाहिलेलं.

आणि ती भाकरी! आमच्या नियमात होतं की गाइडने विद्यार्थ्याकडून कसलीही भेटवस्तू घ्यायची नाही. तू डबा उघडून माझ्यासमोर तांदळाची भाकरी आणि लाल चटणी ठेवलीस. मी डोळे वटारले. तू गंभीर चेहरा करून म्हणालीस, "भेटवस्तू नाही मॅडम, हा डेटा आहे. चौथ्या प्रकरणात येणार." मी तो डेटा दोन बोटं चाटून संपवला. त्यानंतर दर वेळी डेटा यायचा. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू घरी आलीस, माझ्या सुनेच्या आधी येऊन बसलीस, आणि तिसऱ्या प्रकरणाबद्दल एक अक्षर काढलं नाहीस. तेव्हा ते प्रकरण माझ्याकडे येऊन दोन महिने झाले होते.

आता वहीचं सांगते. वाचणाऱ्या कुणाला कळणार नाही म्हणून सविस्तर सांगते. तुला सगळं माहीतच आहे.

नियम असा की गाइडने विद्यार्थ्याला महिन्यातून एकदा भेटायचं, काय बोलणं झालं ते भेटीच्या वहीत लिहायचं, खाली दोघांनी सह्या करायच्या. सहा महिन्यांनी ती वही समितीपुढे जाते, समिती पान उलटते आणि 'प्रगती समाधानकारक' असा शिक्का मारते. नियम चांगला आहे. चांगला असणारच, मीच लिहिलाय. पण आमच्याकडे पद्धत काय पडली? समितीच्या आदल्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी यायचं, आणि सहा महिन्यांच्या सहा भेटी एका दुपारी लिहून काढायच्या. स्टाफरूममध्ये त्याला 'वहीचा दिवस' म्हणायचे. जुनी मंडळी नव्यांना शिकवायची: एक नोंद निळ्या पेनाने, एक काळ्याने, एक जेलपेनने, म्हणजे एकाच दिवशी लिहिल्यासारखी दिसत नाही. आणि तारीख टाकताना कॅलेंडर समोर ठेवा, रविवार नको यायला.

तू दोन पेनं घेऊन यायचीस. मी पेपर तपासत बसायचे, तू कोपऱ्यातल्या टेबलावर लिहीत बसायचीस, मध्येच विचारायचीस, "मॅडम, ऑक्टोबरात कुठली तारीख टाकू?" मी मान वर न करता म्हणायचे, "टाक कुठलीही." एकदा तू अशी टाकलीस की ते ऐन लक्ष्मीपूजन निघालं. मी सही करून मोकळी झाले होते. तुझ्याच लक्षात आलं. "मॅडम, लक्ष्मीपूजनाला तुम्ही मला संशोधन पद्धती शिकवलीत," असं म्हणून तू जी हसायला लागलीस, मीही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो आपण. मग पान फाडलं आणि दुसरं लिहिलं. काय बाई आपण!

त्या वहीत तू काय लिहायचीस ते मी कधी वाचलं नाही. पानाच्या तळाशी बोट ठेवून 'इथे' म्हणायचीस, मी सही करायचे.

नियम लिहिले तेव्हाची गोष्ट तर मला आता झोपू देत नाही. कॉलेजने संशोधन मार्गदर्शनाची स्वतःची नियमावली करायची ठरवली, तीन जणांची समिती नेमली, आणि मी हौसेने पुढे झाले. का झाले ते तुला सांगितलं होतं. माझ्या गाइडने मला भाजी आणायला पाठवलं होतं, त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका माझ्याकडून लिहून घेतल्या होत्या, आणि माझं एक प्रकरण त्यांच्याकडे अकरा महिने पडून होतं. मी तेव्हा शपथ घेतली होती की माझ्या हातात आलं तर हे बंद करीन. म्हणून मी त्वेषाने लिहिलं: विद्यार्थ्याला खासगी काम सांगायचं नाही. महिन्यातून एक भेट. आणि सगळ्यात ठसठशीत माझं कलम: प्रकरण हातात आल्यापासून तीस दिवसांत गाइडने लेखी अभिप्राय द्यायचा. हे कलम वाचून आमच्या स्टाफरूममध्ये दोघा-तिघांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मला त्याचा केवढा अभिमान!

तुझं मराठी स्वच्छ, म्हणून मसुदा मी तुला वाचायला दिला. तू दोन दिवसांनी परत आणलास. ऱ्हस्वदीर्घ सगळं सुधारलेलं, आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक प्रश्न. "मॅडम, विद्यार्थ्याने रिपोर्ट दिला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, हे आहे. गाइडने तीस दिवसांत वाचलं नाही तर काय, ते कुठे आहे?"

मी भडकले. "गाइड काय चोर असतात का? त्यांच्यामागे पोलीस लावायचे? काही गोष्टी माणसाच्या विवेकावर सोडायच्या असतात." तू म्हणालीस, "विवेकावरच सोडायचं असेल मॅडम, तर विद्यार्थ्याचंही सोडा ना." तेवढंच. हळू आवाजात, फाईल बंद करत. मी म्हटलं, "तुला प्रशासन कळत नाही." तू म्हणालीस, "बरोबर आहे." वाद तिथेच राहिला. अगं, तू बरोबर होतीस. हे मी तेव्हाच मनात कबूल केलं होतं, आणि तोंडाने म्हणायला मला तू जाईपर्यंत वेळ मिळाला नाही.

मग मी वाचलं का नाही?

लोकांना सांगायला कारणं पुष्कळ आहेत. कॉलेजची तपासणी, परीक्षा, गुडघा, सुनेचं बाळंतपण. सगळी खरी आहेत आणि एकही कारण पुरत नाही. त्याच चौदा महिन्यांत मी दुसऱ्या एका विद्यार्थ्याची तीन प्रकरणं वाचली. का? तर तो दर चार दिवसांनी फोन करून डोकं खायचा. रडल्याशिवाय आई पण दूध पाजत नाही म्हणतात, तू रडलीच नाहीस. दारात यायचीस, मला कामात पाहायचीस, आणि "वाचलंत का" असं न विचारता "तब्येत कशी आहे" असं विचारायचीस. मला राग यायचा त्या प्रश्नाचा. विचार की बाई सरळ!

पण याच्याही आत एक गोष्ट आहे आणि ती मी कुणाला सांगितलेली नाही. तुझं दुसरं प्रकरण वाचताना मला कळून चुकलं की यात मला सांगण्यासारखं काही नाही. तू माझ्या पुढे गेली होतीस. तीस वर्षं शिकवून मी जे पुस्तकातून बोलत होते, ते तू आळीत उभी राहून पाहत होतीस. त्या प्रकरणावर मी चार जागी 'संदर्भ द्या' असं लिहिलं आणि परत केलं. तिसरं आलं तेव्हा ते उघडायची मला भीती वाटली. भीती म्हणते, पण त्यात मत्सरही होता. वय सत्तावन्न, आणि विद्यार्थिनीचा मत्सर. लाज वाटते लिहायला.

मागच्या वर्षी तुझी मुदत संपत आली. एक्स्टेन्शनचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, 'विलंबाचे कारण'. तू रिकामा सोडून माझ्यापुढे ठेवलास. तू बोलली काही नाहीस, पण रिकामा सोडलास. मी एक मिनिट पेन हातात धरलं आणि लिहिलं, 'विद्यार्थिनीच्या कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे संशोधनास विलंब झाला.' सगळे असंच लिहितात. बाई असली की कौटुंबिक, पुरुष असला की कार्यालयीन. तू वाचलंस. माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता बोलशील. तू सही केलीस आणि म्हणालीस, "झेरॉक्स काढून घेऊ ना मॅडम?" मी म्हटलं, घे.

मग पावसाळा सरता सरता तुला ताप आला. डेंगी. चार दिवसांत सगळं आटोपलं. नरेशचा, तुझ्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी वर्गात होते.

तुझ्या घरी मी तिसऱ्या दिवशी आले. नरेशने खुर्ची दिली. तुझ्या सासूबाई मला पाहून उठल्या आणि आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. मला वाटलं, शोक. मी म्हटलं, "फार हुशार होती, फार मोठी हानी," असलं काहीबाही, आणि वीस मिनिटांत उठले. येताना कापूरबावडीच्या नाक्यापर्यंत मला तुझी आठवण आली नाही, खरं सांगते. ते प्रकरण कपाटात आहे हे कुणाला माहीत असेल का, याचाच मी विचार करत होते. इतकी मी वाईट आहे.

आठवड्याने प्राचार्यांनी बोलावलं. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, मनाने वाईट नाहीत. त्यांच्या टेबलावर तुझी वही. म्हणाले, "मॅडम, बाहेरची समिती येतेय तपासणीला. सगळ्या वह्या पाहिल्या मी. ही एक नंबर आहे. प्रत्येक भेटीची काय सविस्तर नोंद, तुमचं मार्गदर्शन काय! ही नमुना म्हणून ठेवतो. तुम्ही फक्त रजिस्ट्रेशन बंद करायचा फॉर्म भरून द्या."

मी वही घरी आणली आणि पहिल्यांदा वाचली.

अगं सुरेखा, काय लिहून ठेवलंयस हे!

मला वाटलं होतं, तू सगळ्यांसारखं 'प्रकरण दोनवर चर्चा केली' असं लिहीत असशील. तू लिहिलंयस: 'भेट अकरावी. मॅडमनी विचारलं, या बायका टॉवरला टॉवरच्या नावाने का ओळखत नाहीत? आज खारात काम आहे, चिंचेच्या शेतात दोन घरं धरलीत, असं म्हणतात. मॅडमच्या मते ही नुसती सवय नाही. जमीन विकताना कागदावर सही पुरुषांची होती. बायकांनी जमीन अजून सोडलेली नाही.'

मी हे कधी विचारलं? मला तर माहीतही नव्हतं की त्या टॉवरला शेताच्या नावाने ओळखतात. 

'भेट चौदावी. मॅडम म्हणाल्या, तू त्यांची शेजारीण आहेस की संशोधक, ते आधी ठरव. मी म्हटलं, ठरवता येत नाही. मॅडम म्हणाल्या, मग तेच लिही.'

मी म्हणाले नाही. मला सुचलंच नसतं. इतकं शहाणं मी कुणाला काही सांगितल्याचं मला आठवत नाही. तू कोपऱ्यातल्या टेबलावर बसून, निळ्या पेनाने एक आणि काळ्याने एक, तुला जशी गाइड हवी होती तशी लिहून काढलीस. प्रश्न तुझे, उत्तरं तुझी, आणि नाव माझं. एवढी वर्षं तू तुझी तूच शिकलीस आणि श्रेय माझ्या खात्यावर टाकत गेलीस, आणि मी दोन फुटांवर बसून सह्या केल्या.

सतराव्या भेटीला मी वही मिटली. तिथे एवढंच आहे: 'मॅडमनी आज दुसऱ्या प्रकरणाचं कौतुक केलं. म्हणाल्या, घाई करू नकोस, चांगलं होतंय.' मी रडले. एकटीच होते, मोठ्याने रडले.

मग तिसरं प्रकरण काढलं. ते खारातलं आणि चिंचेच्या शेतातलं सगळं त्यात आहे, पूर्ण मांडलेलं, बायकांच्या बोलीत, त्यांच्या नावांसकट. आणि जागोजागी तळटीप: 'हा मुद्दा मार्गदर्शकांनी सुचवला.' म्हणजे उद्या हे कुणी वाचलं असतं, मीच वाचून पुढे पाठवलं असतं, तर तुझी सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या नावावर गेली असती. वहीचा पुरावा होताच.

प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, "सर, या भेटी झालेल्या नाहीत. सहातली फार तर एखादी झाली असेल." त्यांनी आधी दार लावलं. मग म्हणाले, "मॅडम, कुणाच्या झाल्यात?"

मी वही त्यांच्यापुढे सरकवली.

"तुम्ही हे लेखी दिलंत तर सगळ्या वह्या उघडाव्या लागतील. तुमची गाइडशिप जाईल. तुमचे चार विद्यार्थी दुसऱ्या गाइडकडे जातील, त्यांचं वर्ष जाईल. आणि बाई तर गेल्या. त्यांना काय फरक पडतो आता?"

"तिच्या नावाला पडतो."

"तिचं नाव तर खराब झालेलंच नाही! फॉर्ममध्ये कारण मृत्यू, विषय संपला."

मी तरी लेखी दिलं. दोन पानं. भेटी झाल्या नाहीत, वहीतले विचार तिचे आहेत, विलंब माझा आहे. हे मी शूरपणाने केलं असं समजू नकोस. घरी येऊन दोनदा वाटलं की जाऊन कागद परत घ्यावा. गाइडशिप तूर्त थांबवली आहे. ज्याची तीन प्रकरणं मी वाचली होती, त्याचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या मनाच्या शांतीसाठी आमचं वर्ष घालवलंत. आम्ही काय पाप केलेलं?" तो खोटं बोलत नाही. तुझं एक नीट करायला गेले तर चौघांचं बिघडलं, आणि मनाची शांती म्हणतो ती तर आलीच नाही. तुझ्याशी भांडायचं होतं मला यावर. तू म्हणाली असतीस काहीतरी हळू आवाजात, आणि मी चिडले असते.

काल दुपारी पुन्हा तुझ्या घरी गेले. वहीची प्रत आणि प्रकरण नरेशला द्यायला. तो दारातच म्हणाला, "मॅडम, बरं झालं आलात. आई धड जेवत नाही. माझीच चूक झाली. ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिची फाइल घेऊन बसलेलो, त्यात तो झेरॉक्स सापडला, मी मोठ्याने वाचला. आई ऐकत होती."

तो झेरॉक्स. माझं अक्षर, तुझी सही. म्हणजे मी तिसऱ्या दिवशी आले तेव्हा सासूबाई उठून आत का गेल्या, ते मला काल कळलं. माझ्यावरच्या रागाने गेल्या असं मी म्हणणार होते, पण तसं नव्हतं. त्यांना माझ्यासमोर यायची लाज वाटली होती. लाज, त्यांना!

त्या या वेळी बाहेर आल्या. भिंतीला टेकून खाली बसल्या. माझ्याशी बोलायचं म्हणून शब्द जपून बोलत होत्या. "मॅडम, मी तिला सकाळची लिहायला बसू द्यायची नाही. पाणी यायची वेळ व्हायची, मासळी साफ करायची असायची. म्हणायचे, पोरं मोठी झाली, आता कसली शाळा तुझी? किती वर्षं चाललीय? ती काही बोलायची नाही. विचारलं की म्हणायची, मॅडमकडे आहे. मला वाटायचं, कारणं सांगते." मग म्हणाल्या, "आमच्या घरकामापायी राहिलं का हो तिचं?"

मला सोपं होतं. 'नाही हो आजी, असं मनात आणू नका,' एवढं म्हणून उठता आलं असतं, आणि त्यांनी ते सांत्वन समजून मरेपर्यंत स्वतःला दोष दिला असता. मी खुर्चीवरून उठले आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

"नाही आजी. तिचं वेळेवर झालं होतं. पहिलं वेळेवर, दुसरं वेळेवर, तिसरं तर मुदतीच्या आधी आणून दिलं तिने. मी वाचलं नाही. चौदा महिने माझ्या कपाटात होतं. तो कागद मी लिहिला, तो खोटा आहे. तुमच्यामुळे काही राहिलं नाही. माझ्यामुळे राहिलं."

नरेश उभाच होता. तो खिडकीकडे वळला. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला कामं असतील," म्हणाल्या.

"होती. तरी वाचता आलं असतं."

"मग तिला मिळाली असती?"

"मिळाली असती. एव्हाना मिळाली असती."

मला वाटलं, आता शिव्या देतील, दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि भिंतीला धरून उठल्या. "आळीत सगळ्या म्हणतात, सुरेखाला जमलं नाही. मीच म्हणत होते त्यांच्यात बसून. तुम्ही चला माझ्याबरोबर. मी सांगून कुणाला पटायचं नाही, तुम्हीच सांगा."

"आई, राहू दे," नरेश म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आणि मी गेले, सुरेखा. उन्हात, दुखऱ्या गुडघ्याने, त्यांच्या मागून. पहिल्या दारात तुझी चुलत जाऊ होती, मी तेच वाक्य म्हटलं: तिने वेळेवर दिलं होतं, मी वाचलं नाही. दुसऱ्या दारात तीन बायका मटार सोलत होत्या, तिथे म्हटलं. तिसऱ्या घरी एकीने विचारलं, "म्हणजे तिने सगळं लिहिलेलं? आमचं सांगितलेलं पण?" मी म्हटलं, सगळं, तुमच्या नावासकट. ती आत जाऊन आपल्या म्हातारीला ओरडून सांगत होती, तोवर आम्ही पुढे निघालो. पाचव्या दाराशी पोचेपर्यंत सासूबाई मला मॅडम म्हणायच्या थांबल्या होत्या. दारातल्या बाईला त्यांनी हाताने मला दाखवलं आणि म्हणाल्या, "ही ती बाई. आपल्या सुरेखाचं हिच्याकडे होतं."

मी म्हटलं, हो. माझ्याकडे होतं.